हाली, फसली आणि फॅरनहाइट

१९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांत बीदर जिल्ह्यातल्या माणसावर आकडेमोडीची जेवढी सक्ती झाली तेवढी देशात फार थोड्यांवर झाली असेल. हळ्ळीखेड (बी) हे हुमनाबाद तालुक्यातले, बीदर-हुमनाबाद रस्त्यावरचे गाव. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या कानडी, बाजारात दोन्ही आणि सोबत दखनी, कचेरीत मात्र उर्दू, अशी निजामाच्या राज्यातली तिथली रीत. हिशोबही असेच मिश्र होते. खिशातला रुपया निजामाचा हाली, पण सोलापूरच्या व्यापाऱ्याला हवा ब्रिटिश भारताचा कलदार. सरकारी कागदावर साल फसली, पण मुंबईहून आलेल्या पत्रावर इसवी. धान्य पायलीने, जोखायचे तर शेराने, ठोक घ्यायचे तर पल्ल्याने.

सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईने निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्यानंतर ही सगळी मापे एकामागून एक बदलत गेली. १९५१ नंतर हाली रुपया नव्याने निघेनासा झाला आणि १९५९मध्ये तो चलनातून कायमचा बाद झाला. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्यच मोडले. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबादचा पट्टा म्हैसूर राज्यात आला. पुढच्या एप्रिलमध्ये रुपयातले सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले.

याच लाटेत आणखी एक माप बदलले. त्यासाठी गावात दवंडी पिटली गेली नाही आणि दुकानात तक्ताही लागला नाही. भारतीय हवामान खात्याने फॅरनहाइट सोडून सेंटिग्रेड, म्हणजे आजचे सेल्सिअस, स्वीकारले. नाण्यांचा बदल सगळ्यांना आठवतो, वजनांचा बदल व्यापाऱ्यांना आठवतो. उष्णतेच्या मापाचा बदल बहुतेकांच्या लक्षातही आला नाही, कारण तो अर्धाच झाला. आणि तो अर्धा का राहिला हे समजायचे तर तीनशे वर्षे मागे, बाल्टिक समुद्राच्या काठी जावे लागते.

दानियल गाब्रिएल फॅरनहाइट १६८६ साली डांत्सिग या बंदरात जन्मला. आज त्या शहराचे नाव ग्दान्स्क आणि देश पोलंड. घर व्यापाऱ्याचे. पोरगा पंधरा वर्षांचा असताना विषारी अळंबी खाऊन आईबाप एकाच दिवशी गेले. पालकांनी त्याला व्यापार शिकायला ॲमस्टरडॅमला पाठवले. तिथे त्याचे मन हिशोबाच्या वह्यांत रमेना, काचेच्या नळ्यांत रमले. १७०८च्या सुमारास तो कोपनहेगनला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाकडे गेला. प्रकाशाला वेग असतो हे दाखवणारा तो हाच रोमर. त्याने तापमापकासाठी एक पट्टी बनवली होती. तीत वितळत्या बर्फाला साडेसात आणि माणसाच्या अंगाला साडेबावीस अंश धरले होते.

हे अपूर्णांक फॅरनहाइटला अडचणीचे वाटले. त्याने प्रत्येक अंशाचे चार भाग केले. त्यामुळे तीस आणि नव्वद हे आकडे आले. पुढे तेही थोडे सरकवून त्याने बर्फाला ३२ आणि अंगाला ९६ धरले. या बदलामागे कारागिराचा हिशोब होता. ३२ ते ९६ या दोन खुणांमधले अंतर चौसष्ट अंशांचे. काचेच्या नळीवर खुणा करणाऱ्या माणसाला एखाद्या अंतराचे दहा समान भाग पाडणे कठीण, अर्धे पाडणे सोपे. चौसष्टाचे बत्तीस, बत्तीसाचे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. सहा वेळा निम्मे केले की एकेक अंशाची खूण हाती येते.

जुन्या रुपयाचे पैसेही चौसष्टच होते. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा, ढब्बू, पैसा: हीसुद्धा सहा वेळा निम्म्याची उतरंड. फॅरनहाइटने रुपया पाहिला नव्हता आणि टांकसाळीला फॅरनहाइट माहीत नव्हता. पण दोघेही एकाच जगातले होते. त्या जगात माप हाताने पाडायचे असते आणि हाताला अर्धे करणे सर्वांत सोपे जाते. १९५७च्या सुमारास रुपयातले चौसष्ट पैसे आणि फॅरनहाइटचे अंश भारताच्या सरकारी दप्तरातून जवळपास एकदमच बाहेर पडले, हा योगायोग वाटतो तेवढा निव्वळ योगायोग नाही.

त्याच्या पट्टीचे शून्य कुठले? १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना फॅरनहाइटने सांगितले की बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी म्हणजे शून्य. नवसागर बीदरला अनोळखी नाही. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीचे नक्षीकाम झाले की भांडे काळेभोर करण्यासाठी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचे मिश्रण लावतात. माती धातूला काळा करते, चांदी तशीच चमकत राहते. त्याच क्षारातून युरोपात थंडीचा शून्य अंश निघाला होता.

त्याच वर्षी फॅरनहाइट रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याचे पाऱ्याचे तापमापक त्या काळातल्या इतर यंत्रांहून सरस होते. दोन यंत्रे शेजारी ठेवली तर दोन्ही एकच आकडा दाखवत, आणि ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. इंग्लंडने ती पट्टी उचलली. पुढे अठराव्या शतकातच रॉयल सोसायटीच्या समितीने उकळत्या पाण्याचा बिंदू २१२वर पक्का केला. अंगाच्या ९६ अंशांचा आधार सुटला आणि निरोगी शरीराचे तापमान नव्या हिशोबात ९८च्या थोडे वर सरकले. फॅरनहाइट १७३६ साली हेगमध्ये वारला. त्याची पट्टी मात्र इंग्रजी जहाजांतून जगभर गेली.

दुसऱ्या पट्टीचा कर्ता स्वीडनचा. अँडर्स सेल्सिअस उप्सालाचा खगोलशास्त्रज्ञ. फॅरनहाइट वारला त्याच सुमारास, १७३६-३७मध्ये, तो फ्रेंच शास्त्रज्ञ मोपेर्त्युई याच्याबरोबर लॅपलंडच्या बर्फात रेखावृत्ताचा कंस मोजत होता. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे का, हे त्यातून ठरवायचे होते. १७४२ साली त्याने शंभर अंशांची पट्टी मांडली, पण उलटी: पाणी उकळते तिथे शून्य, बर्फ वितळतो तिथे शंभर. दोन वर्षांत क्षयाने तो गेला, वय बेचाळीस. पट्टी सुलटी करण्याचे श्रेय कुणी वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला देतात, कुणी स्वीडनच्या इतरांना. फ्रान्समध्ये ल्योंच्या क्रिस्टँने १७४३ सालीच सुलटी पट्टी काढली होती. पुढे राज्यक्रांतीनंतर फ्रान्सने मीटर आणि किलोग्रॅम आणले, तेव्हा शंभर अंशांची ही पट्टी त्यांच्या जोडीला सहज बसली. तिला अधिकृतपणे सेल्सिअसचे नाव मिळाले ते मात्र १९४८ साली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले होते.

सेल्सिअसने लॅपलंडमध्ये जे काम केले तेच काम पुढे बीदरच्या माळावर झाले, पण फॅरनहाइटच्या पट्टीने. दक्षिण भारताच्या टोकापासून हिमालयापर्यंत रेखावृत्ताचा कंस मोजण्याचे काम विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने सुरू केले. १८१५ साली त्याने बीदरच्या ईशान्येला दामरगिड्डा येथे आधाररेषा मोजली. हाताशी शंभर फुटांची पोलादी साखळी होती. मूळ ती चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी निघालेली, ती फिरत फिरत मद्रासला पोचली. साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वर सावली धरायची आणि शेजारी तापमापक ठेवायचे.

हे तापमापक शोभेसाठी नव्हते. पोलाद तापले की लांबते. शंभर फुटांची साखळी एका अंश फॅरनहाइटमागे इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी लांबते, म्हणजे डोळ्याला दिसतही नाही. पण दख्खनच्या माळावर सकाळ आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. सात मैलांची रेषा मोजायची तर ही साखळी पावणेचारशे वेळा अंथरावी लागते. हा फरक धरला नाही तर शेवटी चारपाच फुटांची चूक निघते, आणि त्या रेषेवर पुढे शेकडो मैलांचे त्रिकोण उभे राहायचे असतात. म्हणून प्रत्येक मोजणी एका ठरलेल्या तापमानाला आणून ठेवत. ते तापमान ६२ अंश फॅरनहाइट, कारण इंग्लंडमधला प्रमाण यार्ड त्या तापमानाला खरा मानला जाई. आजच्या भाषेत १६.७ अंश सेल्सिअस. बीदरच्या दुपारला हा आकडा ठाऊकच नव्हता. तरी तिथली प्रत्येक लांबी कागदावर त्या थंडीत नेऊन लिहावी लागे.

लॅम्बटन १८२३ साली विदर्भात हिंगणघाटला वारला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले. साखळीवर त्याचा विश्वास उरला नव्हता. १८४१ साली त्याचा साहाय्यक अँड्र्यू वॉ याने बीदरची आधाररेषा नव्या साधनाने मोजली. ते साधन म्हणजे दहा फुटी जोडदांड्या. प्रत्येक जोडीत एक दांडी पितळेची, एक लोखंडाची. उष्णतेने पितळ जास्त लांबते, लोखंड कमी, साधारण पाचास तीन या प्रमाणात. दोन्ही दांड्या मधोमध जखडून टोकांना अशा जिभा बसवलेल्या असत की दोन्ही लांबल्या तरी जिभेवरचा एक ठिपका जागचा हलू नये. म्हणजे हवा तापली काय, थंडावली काय, दोन ठिपक्यांमधले अंतर कायम. निदान तशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पितळ आणि लोखंड सारख्याच वेगाने तापत नाहीत हे एव्हरेस्टच्याच काळात ध्यानात आले, आणि तापमापकाची नोंद काही सुटली नाही.

याच सर्वेक्षण खात्यात राधानाथ सिकदार हा बंगाली गणिती काम करत असे. हवेचा दाब मोजणाऱ्या पाऱ्याच्या नळीवर उष्णतेचा परिणाम होतो. कलकत्त्याच्या वेधशाळेत वेगवेगळ्या तापमानांना घेतलेली दाबाची वाचने ३२ अंश फॅरनहाइटला आणून ठेवण्याचे सूत्र त्याने बसवले. तिकडे मुंबईत १८२६ साली कुलाब्याला कंपनीची वेधशाळा उभी राहिली होती. तिथले काम काही काळ बाळशास्त्री जांभेकरांनी पाहिले. केरो लक्ष्मण छत्रे पोरवयातच तिथे साहाय्यक म्हणून लागले. आधुनिक विज्ञान शिकणाऱ्या मराठी माणसांच्या या पहिल्या पिढीला उष्णतेचा आकडा भेटला तो फॅरनहाइटच्या रूपात.

१८६४ साली कलकत्त्याला वादळाने झोडपले आणि मग दोन वेळा पाऊस दगा देऊन गेला. तेव्हा सरकारला कळले की नोंदी प्रत्येक प्रांतात वेगवेगळ्या ठेवून भागणार नाही. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले, हेन्री ब्लँफर्ड त्याचा प्रमुख. १९२८मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात, जरी मुख्यालय १९४४लाच दिल्लीला गेले. हैदराबादेत निजामिया वेधशाळा होती. नवाब जफर जंग यांनी ती स्वतःच्या पैशाने उभारली आणि १९०८मध्ये ती निजाम सरकारकडे गेली. राज्य कुणाचेही असो, तापमापक विलायती असल्यामुळे आकडा एकच राहिला.

हवेचा फॅरनहाइट सरकारी वहीत होता. लोकांच्या घरात तो आला ताप घेऊन.

डॉक्टरकडचे जुने तापमापक जवळजवळ फूटभर लांब असे आणि ते वीस मिनिटे काखेत धरावे लागे. १८६६च्या सुमारास टॉमस क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने सहा इंचांचे, पाच मिनिटांत ताप सांगणारे तापमापक केले. ते खिशात बसू लागले आणि हळूहळू सरकारी दवाखान्यांतून, मिशनऱ्यांच्या इस्पितळांतून, खासगी डॉक्टरांच्या पेटीतून खेड्यापर्यंत आले. त्यावर ९४ ते १०८ असे आकडे. ९८च्या पुढे एक लाल खूण. पारा झटकायचा, जिभेखाली ठेवायचा, उजेडाकडे धरून तिरपा करत वाचायचा. ही विद्या घरोघरी एखाद्या आत्याला किंवा काकाला येत असे. शंभर म्हणजे कसकस, एकशे दोन म्हणजे डॉक्टर, एकशे चार म्हणजे थंड पाण्याच्या पट्ट्या आणि रात्रभर जागरण. या आकड्यांना अनुभवाचा अर्थ आला. हवेच्या आकड्याला तो कधीच आला नव्हता. हळ्ळीखेडच्या शेतकऱ्याला उन्हाळा कडक आहे हे सांगायला वेधशाळा लागत नसे.

स्वातंत्र्यानंतर मापांची एकवाक्यता हा मोठा प्रश्न होता. दशमान पद्धतीसाठी फणींद्रनाथ सेठ आणि त्यांची इंडियन डेसिमल सोसायटी स्वातंत्र्याच्या आधीपासून खपत होती. १९५५ साली नाणे कायद्यात दुरुस्ती झाली, १९५६च्या अखेरीस वजन-मापांचा कायदा झाला. भारतीय मानक संस्थेचे पहिले संचालक लालचंद वर्मन यांच्यासारख्यांनी त्याची तांत्रिक बाजू सांभाळली. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. ही सव्वासहाची कटकट पोस्टाच्या खिडकीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी भोगली. जाहीर तक्ते निघाले, भांडणे झाली, आणि १९६४मध्ये ‘नवे’ हा शब्दही गळाला. किलो-मीटरचा बदल १९६२पर्यंत देशभर झाला.

हवामान खात्याचा बदल याच काळातला, पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला. त्याला कारणे दोन. एक तर देशाने दशमानाचा रस्ता धरला होता. दुसरे, हवा सरहद्द पाळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने वाढली, जागतिक हवामान संघटना उभी राहिली आणि निरीक्षणे देशोदेशी तारेने जाऊ लागली. त्या देवाणघेवाणीत सेल्सिअस ही सामायिक पट्टी होत होती. गंमत अशी की ज्या ब्रिटनने फॅरनहाइट इथे आणला, त्याने जनतेसाठीच्या हवामान अंदाजात सेल्सिअस आणले ते १९६२ साली, आणि शंभर पेन्सचा पौंड केला तो १९७१मध्ये. जेत्याच्या आधी जित देशाने त्याची मापे टाकली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात याला पान मिळत नाही, पण मिळायला हरकत नाही.

आता या बदलाचे गणित. ते बीदरच्या मुनिमाला कुणी समजावले असते तर त्याला त्यात नवे काही वाटले नसते.

निजामाच्या राज्यात दोन प्रकारची रूपांतरे रोजची होती. एक हालीचे कलदार करणे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा सरकारी भाव. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. इथे दोन्हीकडचे शून्य एकच. ज्याच्याकडे हालीत काही नाही त्याच्याकडे कलदारातही काही नाही. फरक एककाच्या आकाराचा, म्हणून फक्त गुणाकार-भागाकार. चौदा हाली, बारा कलदार. दुसरे रूपांतर फसली सनाचे इसवी करणे. फसलीत ५९० मिळवायचे, आणि १ जानेवारी उलटून गेला असेल तर ५९१. फसली १३५७ हे साल ऑक्टोबर १९४७मध्ये सुरू झाले. इथे उलटे आहे. वर्षाची लांबी तीच, पण मोजणीचे शून्य सरकलेले. म्हणून फक्त बेरीज-वजाबाकी.

फॅरनहाइट आणि सेल्सिअसमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम आहेत. बर्फ वितळतो तिथे एका पट्टीवर शून्य, दुसरीवर ३२, म्हणजे आरंभ सरकलेला. आणि बर्फापासून उकळीपर्यंत एकीत शंभर अंश, दुसरीत १८०, म्हणजे अंशाचा आकारही वेगळा. नऊ फॅरनहाइट अंश म्हणजे पाच सेल्सिअस अंश. म्हणून आधी फसलीसारखे ३२ वजा करा, मग हालीसारखे पाचाने गुणून नवाने भागा. १०४मधून ३२ गेले, ७२ राहिले. बहात्तरचा नववा हिस्सा आठ, आठ पंचे चाळीस. परत जायचे तर क्रमही उलटा: आधी गुणाकार, मग ३२ मिळवायचे. तोंडी करायला आणखी सोपे: दुप्पट करा, त्यातला दहावा हिस्सा काढा, ३२ मिळवा. चाळीसचे ऐंशी, ऐंशीतून आठ गेले बहात्तर, आणि बत्तीस मिळून एकशे चार. शून्याच्या खाली चाळीस अंशांवर दोन्ही पट्ट्या एकच आकडा दाखवतात. बीदर-कलबुर्गीला त्याचा उपयोग नाही.

शिकलेली माणसेही इथे एक ठराविक चूक करतात. तापमान किती आहे आणि तापमान कितीने वाढले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन तारखांमधले अंतर फसलीत मोजा की इसवीत, वर्षे तेवढीच भरतात, तिथे ५९०चा संबंध येत नाही. तसेच तापमानातल्या फरकाचे रूपांतर करताना ३२चा संबंध नाही. पृथ्वी दोन अंश सेल्सिअसने तापली म्हणजे ३.६ अंश फॅरनहाइटने तापली. सूत्र आंधळेपणाने लावले तर उत्तर ३५.६ येते, आणि अशी उत्तरे छापूनही येतात.

मग बदल अर्धा का राहिला? नाण्यात आणि वजनात सरकारच्या हाती काठी होती. जुना आणा बँकेने घेतला नाही की तो संपला. जुन्या वजनांनी जोखणाऱ्यावर निरीक्षक खटला भरू शकत होता. हवेचे तापमान तर मुळातच सरकारी. वेधशाळा ज्या पट्टीत सांगेल त्या पट्टीत आकाशवाणी आणि वर्तमानपत्रे सांगणार. पण तापाचे माप घरातल्या काचेच्या नळीत होते, आणि त्याहून पक्के आईच्या डोक्यात होते. पोरगं फणफणत असताना ३९ म्हणजे काळजीचे की कमी काळजीचे, हे नव्याने शिकायला कोण बसणार? डॉक्टरांचे प्रशिक्षण इंग्रजी पुस्तकांवर झालेले, रोग्याचे कान १०१, १०२ला सरावलेले. बोलणे दोघांचे असते. एकाने भाषा बदलून चालत नाही.

त्यामुळे आज हळ्ळीखेडमध्ये आणि तसे पाहिले तर शेजारच्या साऱ्या महाराष्ट्रात एकाच तापमानाची दोन आयुष्ये आहेत. मे महिन्यात टीव्हीवर कलबुर्गीचा पारा चाळीसवर गेल्याची बातमी येते तेव्हा लोक छत्री काढतात, ताक पितात आणि कामाला जातात. त्याच घरात कुणाच्या काखेतला तापमापक १०४ दाखवू लागला तर गाडी काढून बीदर गाठतात. दोन्ही आकडे एकच आहेत. शंभरातल्या नव्वदांना ते सांगितले तर पटणार नाही.

कारखान्यात गोष्ट वेगळी. हळ्ळीखेडच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि तिथल्या यंत्रांबरोबर सेल्सिअस उसाच्या गावात शिरले. रस सत्तरच्या वर तापवायचा, मग चुना आणि गंधकाची प्रक्रिया झाली की पुन्हा शंभरच्या थोडे वर न्यायचा. गोडी मोजणारे ब्रिक्सचे हायड्रोमीटर भारतात २७.५ अंश सेल्सिअसला प्रमाण धरतात. रस त्याहून गरम किंवा थंड असेल तर तक्त्यातून दुरुस्ती करायची. लॅम्बटनच्या साखळीचेच दुखणे हे, फक्त फुटांच्या जागी साखर आली. बॉयलिंग हाउसमध्ये पाळी करणारा कामगार आठ तास सेल्सिअसमध्ये विचार करतो आणि घरी आल्यावर मुलाचा ताप फॅरनहाइटमध्ये पाहतो. त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. हिशोबाच्या दोन वह्या ठेवणे या भागाला नवे नाही.

रूपांतराचा एक परिणाम मात्र जरा खोल गेला. जर्मनीतल्या लाइप्त्सिगचा डॉक्टर कार्ल वुंडरलिश याने हजारो रोग्यांचा ताप वर्षानुवर्षे मोजला आणि १८६८ साली सांगितले की निरोगी माणसाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ३७ हा गोल आकडा होता, अदमासाचा. इंग्रजीत जाताना तो सूत्रातून गेला आणि ९८.६ झाला. दशांश चिन्ह आले की आकड्याला अचूकपणाचे तेज चढते. ९८.६ ही जणू निसर्गाने कोरलेली रेषा आहे असे लोकांना वाटू लागले. खरे तर माणसामाणसात, सकाळ-संध्याकाळी शरीराचे तापमान अंशभर सहज हलते, आणि अलीकडच्या अभ्यासांत सरासरी ९८.६च्या थोडी खालीच निघते. वुंडरलिशच्या ३७मध्ये थोडे पुढेमागे होण्याची मुभा होती, भाषांतरित ९८.६ने ती झाकून टाकली.

२०२०मध्ये हे पुन्हा घडले. त्या मार्चमध्ये भारतातला कोविडचा पहिला मृत्यू कलबुर्गीत नोंदवला गेला. नंतरच्या महिन्यांत बँका, दवाखाने, कार्यालये यांच्या दारात कपाळावर रोखलेल्या तापमापी बंदुका आल्या. त्यांचा आकडा बहुतेक ठिकाणी फॅरनहाइटमध्ये दिसे, आणि ताप ठरवायची रेषा म्हणून १००.४ हा आकडा सूचनाफलकांवर झळकला. शंभर नाही, एकशे एक नाही, १००.४. इतकी काटेकोर रेषा कुणी आखली असे वाटणाऱ्यांना ३८चे गणित करून पाहायचे सुचले नाही. आरोग्य संघटनांचा साधा ३८ अंश सेल्सिअसचा आकडा होता तो, सूत्रातून गाळून आलेला.

अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांत उलटा खेळ चालतो. न्यू जर्सीतली लेक फोनवर सांगते, आज सत्तर आहे, छान हवा आहे. बीदरकडची किंवा पुण्याची आई दचकते, कारण तिच्या हवेत सत्तर म्हणजे भट्टी. १९७५मध्ये अमेरिकेने मेट्रिकचा कायदा केला खरा, पण सक्ती केली नाही, आणि हवा फॅरनहाइटमध्येच राहिली. मात्र नातवाला ताप आला की दोघींचा संवाद एकदम सुरळीत होतो. एकशे दोन म्हटले की इकडेही एकशे दोनच.

कायद्याच्या दृष्टीने फॅरनहाइट भारतात केव्हाच पोरका झाला आहे. १९७६चा वजन-मापांचा कायदा आणि त्याच्या जागी आलेला २००९चा वैधमापन कायदा, दोन्ही आंतरराष्ट्रीय एककांवर उभे आहेत. तरी मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागातले पडदे सेल्सिअस दाखवतात आणि त्याच रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर रोग्याला फॅरनहाइटमध्ये विचारतात. पारा विषारी म्हणून काचेच्या नळ्या मागे पडत आहेत. त्यांच्या जागी आलेल्या इलेक्ट्रॉनिक तापमापकांपैकी बऱ्याच नमुन्यांवर एक बटण असते. ते दाबून धरले की आकडा एका पट्टीतून दुसरीत जातो, ३२ची वजाबाकी आणि पाच नवमांशाचा गुणाकार आतल्या आत होऊन जातो. औषधाच्या दुकानात मिळणारे यंत्र सहसा फॅरनहाइटवर लावलेले असते, आणि ते घरी आणणारा ते तसेच राहू देतो.